हातवळण

नारायणगावात टोमॅटो मार्केटच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत केतकी बेल्हेकर लोकांना आवाज तयार करून द्यायची. २०४१ साली हा चांगला चालणारा धंदा होता. कार्यक्रमागणिक ढोलकी, संबळ, हलगी, ताशा असं सगळं लटांबर टेम्पोत घालून न्यायचं ज्यांना झेपत नसे, ते एक इलेक्ट्रॉनिक पॅड घेत आणि त्यात आपल्या पसंतीचे आवाज भरून घ्यायला तिच्याकडे येत. बाजारात तयार आवाज ढिगानं मिळत, पण ते सगळ्यांकडे सारखेच. गुहागरकडच्या एका बेंजो पार्टीला आपल्याच ग्रामदेवतेच्या देवळातला ढोल हवा होता, म्हणून केतकी माइक घेऊन तिथवर गेली होती. संगमनेरच्या एका बँडवाल्याला वडिलांच्या ऐरणीचा ठोका हवा होता. तोही तिनं करून दिला.

काम ऐकायला सोपं वाटे, पण फार चिकट होतं. एकच थाप अगदी हलक्यापासून सणसणीत जोरापर्यंत तीस पायऱ्यांवर वाजवून घ्यायची. प्रत्येक पायरीच्या पुन्हा पाच-सहा आवृत्त्या, कारण तीच नोंद लागोपाठ दोनदा वाजली की कान लगेच ओळखतो, हे यंत्र आहे. मग प्रत्येक तुकड्यापुढची शांतता थापेच्या कडेपर्यंत कापायची. सेकंदाचा हजारावा भाग जरी उरला तरी वाजवणाऱ्याला पॅड सुस्त वाटतं. मार्केटमधले विजेवरचे टेम्पो एरवी गुपचूप चालत, पण मागे घेताना केकाटत. म्हणून केतकी रेकॉर्डिंग दुपारी करायची, लिलाव उरकून गल्ली निवांत झाल्यावर.

घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई, इंदू, चौऱ्याहत्तर वर्षांची. आयुष्यभर जुन्नरला आणि मग इथे दवाखान्यात आयाचं काम केलेली. बाहेरच्या खोलीत बसून मेथी निवडता निवडता ती कधीमधी आतल्या आवाजावर एखादा शब्द टाकी. "पातळ झालं," किंवा "पुडी उतरलीय," म्हणजे ढोलकीचं कातडं सैल पडलंय. ते नेहमी बरोबर निघे. केतकीला त्याचं नवल वाटत नसे. आईचं माहेर तमाशाच्या फडातलं आणि आईचा थोरला भाऊ म्हणजे विश्राम नांदूरकर.

विश्राम नांदूरकर हे नाव ढोलकी वाजवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नसे. १९८९ साली निघालेल्या एका लावणीच्या कॅसेटमध्ये गाणं सुरू होण्याआधी अडीच मिनिटं नुसती ढोलकी होती. तिला सगळे 'विश्रामचा तुकडा' म्हणत. शिकणारी पोरं तो बसवायला वर्षवर्ष घालवत आणि तरी शेवटचं वळण कुणाला जमत नसे. खुद्द विश्राम तो तुकडा कधी स्टेजवर वाजवत नसे. दर कार्यक्रमात फर्माईश येई आणि तो हात जोडून म्हणे, तो एकदाच वाजायचा होता, वाजून गेला. लोकांना यात मोठ्या कलावंताचा मान दिसे.

केतकीला तो मामा म्हणून जास्त माहीत होता. ती नऊ वर्षांची असताना वडील गेले, तेव्हा मायलेकींना जुन्नरहून इकडे आणणारा तोच. तिचा पहिला माइक त्यानंच पुण्याहून आणला होता, बसमध्ये मांडीवर ठेवून.

म्हणूनच पुण्यातल्या एका कंपनीनं मामाच्या थापांचा 'विश्राम संच' तयार करायचं काम दिलं, तेव्हा केतकीला ते घरचं कार्य वाटलं.

कंपनीनं नवं वाद्य काढलं होतं, तालफळी. दिसायला चपट्या पाटासारखं. आतली गोष्ट मात्र आधीच्या पॅडपेक्षा वेगळी होती. जुना पॅड साठवलेली नोंद परत वाजवायचा. तालफळीत नोंद नव्हतीच. तिच्यात त्या वाद्याचं आणि ते वाजवणाऱ्या हाताचं गणित होतं. कंपनीचा इंजिनियर तांबोळी केतकीला ते पहिल्यांदा समजावायला आला, तेव्हा त्यानं बाहेरच्या खोलीतल्या माठाकडे बोट केलं. माठ घेताना आपण टिचकी मारतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, कच्चा आहे की पक्का, कुठे चीर आहे की नाही. आवाजावरून वस्तूकडे उलट जायचं, एवढंच आम्ही करतो, तो म्हणाला.

हे उलट जाणं आजवर जमत नव्हतं, कारण ढोलकीची पुडी एका वेळी अनेक तऱ्हांनी थरथरते. सगळी एकदम वरखाली होते, शिवाय अर्धी वर तर अर्धी खाली होते, कडेनं लाटा फिरतात त्या वेगळ्याच. बोट जिथे टेकतं तिथली थरथर दबते. मग आवाजात कुठली थरथर गायब आहे हे कळलं, तर बोट कुठे टेकलं ते काढता येतं. किती वेळ टेकलं त्यावरून हाताचं वजन, बोटाच्या टोकाचा मऊपणा. एका थापेवरून फार कळत नाही. पण हजार थापा असतील तर बोटांची लांबी, त्यांचं आपसातलं प्रमाण आणि मनगटाचा झोका, सगळं हळूहळू उभं राहतं. कंपनीनं शेकडो ढोलक्यांच्या पुड्या लेझरनं मोजून ठेवल्या होत्या आणि आता ते गणित टेबलावरच्या साध्या यंत्रात सुटत होतं. निघालेल्या उत्तराला त्यांनी मराठीतला जुनाच शब्द दिला होता, हातवळण.

आणि हातवळण, तांबोळी म्हणाला, अक्षरासारखं असतं. दोन माणसांचं एक नसतं.

त्यामुळे एक नवीच भानगड उपटली होती. जुन्या रेकॉर्डिंगमधून कुणाचाही हात काढता येत होता, आणि काहींनी गेलेल्या वादकांचे हात परस्पर काढून वापरले होते. उलट काही घरांत फोन जात होते की तुमच्या आजोबांनी अमक्या गाण्यात तबला वाजवलाय, कव्हरवर नाव नाही, पण हात त्यांचाच आहे. शेवटी असा नियम झाला की कुठलाही हात तालफळीत घालायचा, तर तो कुणाचा याचा दाखला हवा आणि त्याखाली आवाज तयार करणाऱ्याची सही हवी. विश्राम संचाच्या दाखल्यावर सही करायची होती केतकीला.

एका दुपारी मामा आला. ऐंशी वर्षांचा, पांढरा सदरा, स्वतःची ढोलकी स्वतः खांद्याला लावून जिना चढून. त्यानं मजेत तीनशे थापा दिल्या, मधेच एक चावट किस्सा सांगितला, केतकीनं तो कापून टाकला. काम संपल्यावर ती सहज बोलून गेली की आता स्टुडिओची मूळ टेपही मिळाली आहे, तुकड्यातला हात तिच्यातून वेगळा काढणार. तरुण विश्राम आणि आत्ताचा विश्राम, दोन्ही संचात.

मामानं ढोलकीच्या खोळीचा बंद बांधता बांधता विचारलं, "जुन्या टेपातनं हात कळतो?"

कळतो, ती म्हणाली. मामानं पाणी मागितलं, प्यायला आणि चहाला न थांबता निघाला. केतकीला वाटलं, दमले असतील.

यंत्राला चार तास लागले. पडद्यावर एक ओळ आली. दोन हात एकाच माणसाचे नाहीत.

तिनं आधी वयाचा विचार केला. अठ्ठावीसचा हात आणि ऐंशीचा हात सारखा कसा असेल? पण गणित हाडांच्या प्रमाणावर चालत होतं, आणि ते म्हातारपणी बदलत नाही. खात्री करायला तिनं मामाची दुसरी दोन जुनी रेकॉर्डिंग घेतली, एक ८७ सालचं, एक ९४ सालचं. दोन्हीत मामाच होता, यंत्राला तिळमात्र शंका नव्हती. फक्त मधल्या ८९ सालच्या त्या अडीच मिनिटांत तो नव्हता. तिथला हात लहान होता, बोटं निमुळती. डाव्या हाताच्या घुमाऱ्यात, म्हणजे त्या खोल घुमणाऱ्या थापेत, अंगठा पुडीवरून किंचित ओढला जात होता, तसा मामाचा कधीच नव्हता.

मग कुणाचा? तिच्याकडे आजवर आलेल्या चारशे वादकांचे हात साठवलेले होते. तिनं यंत्राला त्यांत शोधायला सांगितलं. सगळ्यात जवळचं म्हणून जे नाव आलं ते तिचं स्वतःचं होतं.

केतकी वादक नव्हती. यंत्र तपासायला तिनं स्वतःच्या काही थापा घातल्या होत्या, तेवढंच. त्याच चुकून मिसळल्या असतील म्हणून तिनं त्या काढून टाकल्या, यंत्र बंद करून चालू केलं, नव्यानं थापा देऊन पुन्हा गणित लावलं. उत्तर तेच. हात तुमचा नाही, पण तुमच्या हाताच्या फार जवळचा आहे. तिनं तांबोळीला फोन करून, नावगाव न सांगता, असं कधी होतं का विचारलं. होतं, तो म्हणाला. आईबाप आणि मुलांत आम्ही हे पाहिलंय, बोटांची प्रमाणं उतरतात. मात्र मनगटाचा झोका रक्तातून येत नाही, तो शिकावा लागतो. तुमच्या या दोघांत झोकाही जुळत असेल तर एकानं दुसऱ्याला शिकवलेलं असणार.

झोकाही जुळत होता. पण केतकीला ढोलकी कुणी शिकवली नव्हती. जुन्नरच्या घरात तर वाद्याचं नाव काढायची सोय नव्हती. मग तिला आठवलं की लहानपणी तिला झोप लागत नसे, आणि सात-आठ वर्षांची होईस्तोवर आई तिच्या पाठीवर थोपटत बसे. इतर आयांसारखं ठप ठप नाही. तीन हलक्या, चौथी दाबून, आणि दाबलेल्या थापेवर अंगठा पाठीवरून जरासा ओढला जाई. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या गोधडीवर तिनं हात ठेवला आणि आठवेल तसं थोपटून पाहिलं. अंगठा आपसूक ओढला गेला.

बाहेर आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

दाखल्याला आठ दिवस होते. त्यातले तीन केतकीनं काहीच न करता घालवले. खोटी सही केली तर आईचा हात मामाच्या नावानं हजारो लोकांच्या घरात जाणार होता. तुकडा वगळावा तर कंपनीला संच हवा होता तोच त्या तुकड्यासाठी. आणि खरं लिहावं तर ज्या माणसानं तिला वाढवलं, त्याची बावन्न वर्षांची पुण्याई एका कागदानं जाणार. तिला मामाचा रागही येत होता. आईचं काढून घेतलं आणि वर हात जोडून मोठेपणा मिरवला, असं मनात येई. मग बसमध्ये मांडीवर माइक घेऊन बसलेला मामा आठवे आणि स्वतःचाच राग येई. मामाचा एकदा फोन आला, तिनं उचलला नाही. एके सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पेरूंची पिशवी ठेवलेली सापडली. मामा ठेवून गेला होता, वर आला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी आई बाहेरच्या खोलीत शेंगा फोडत बसली होती. केतकी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि यंत्रानं काय सांगितलं ते सगळं सरळ सांगून टाकलं. आईचे हात थांबले नाहीत.

"यंत्राला कळलं म्हणायचं," ती म्हणाली. "मग खरं सांगतंय. मीच वाजवला."

तिनं जे सांगितलं ते असं. फडाच्या ट्रकचा फाळका विश्रामच्या उजव्या हातावर पडला, रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी. हात भोपळ्यासारखा सुजला. पुण्यातला स्टुडिओ ठरलेला, गाणाऱ्या सरूबाईंचा घसा त्या आठवड्यात कसाबसा सुटलेला. दुसरा वादक वेळेवर मिळेना. इंदू तेव्हा बावीस वर्षांची होती. सरूबाईंच्या दिमतीला म्हणून बरोबर गेलेली. फडात दिवसा सगळे झोपले की ती कनातीआड दादाची ढोलकी घेऊन बसायची, हे एकट्या दादाला माहीत होतं. त्यानंच तिला स्टुडिओतल्या पडद्यामागे बसवलं. गाण्याआधी सरूबाईंना सूर धरायला वेळ लागला म्हणून रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, तोवर नुसतं वाजवत राहा. ती वाजवत राहिली. पुढे त्याचाच तुकडा झाला.

"कव्हर आधीच छापून झालं होतं, दादाच्या नावानं. महिन्यानं माझं लग्न ठरलं. तुझ्या जुन्नरच्या आजोबांची एकच अट होती, फडाचं काही घरात येता कामा नये. मग कोण कशाला बोलतंय."

केतकीनं विचारलं, वाईट नाही वाटलं? वाईट वाटायला सवड नव्हती, आई म्हणाली. पण कुठे लाउडस्पीकरवर तो तुकडा लागला की हातातलं काम सोडून ऐकायचे. आणि मग तिनं केतकीचा हात धरला.

"दादापाशी यातलं काही काढू नकोस. त्याला वाटेल, इंदी आता म्हातारपणी मागायला आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाच्या बायकोचा फोन आला. मामा चार दिवस नीट जेवले नव्हते. डॉक्टर पाहून गेले, काही निघालं नाही. नुसते ओसरीवर बसतात, कानात ते इअरफोन घालून. केतकी तशीच चपला घालून निघाली.

मामानं तिला येताना पाहिलं आणि इअरफोन काढला. ती बसेपर्यंतही तो थांबला नाही.

"कळलं ना तुला?"

तिनं मान हलवली. मामानं डोळे मिटले, आणि त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरावं तसा तो मागे भिंतीला टेकला. मग बोलू लागला. दोन वर्षांत सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं. पण तोवर इंदूच्या सासरची अट कळली. सांगावं तर तिचा संसार उधळायचा. मग मेहुणे गेले, इंदू इकडे आली, आणि तोवर तुकड्याची एवढी कीर्ती झालेली की तोंड उघडलं तर लोक म्हणतील, हा इतकी वर्षं बहिणीच्या जिवावर जगला. ते एक वेळ सोसलं असतं. पण इंदूनं स्वतःहून कधी विषय काढला नाही. त्याला वाटलं, तिला तो दिवस नकोसा आहे, उकरला तर तिलाच दुखेल. बोलता बोलता त्यानं तुकडा स्टेजवर न वाजवण्याचं कारणही सांगितलं. त्यानं तो किती वेळा बसवून पाहिला होता. शेवटचं वळण त्याच्या मनगटातून येतच नव्हतं.

"इंदूला मात्र काही बोलू नकोस," तो शेवटी म्हणाला. "तिला उगाच त्रास."

केतकीला हसू आलं. आवरेना म्हणून तिनं पदर तोंडाला लावला, तर डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मामा घाबरून तिच्याकडे बघत राहिला. तिनं त्याला काही समजावलं नाही. सदरा बदला, एवढंच म्हणाली आणि त्याला रिक्षात घालून घरी आणलं.

इंदू दारात आली. भावाच्या चेहऱ्याकडे पाहून तिला सगळं उमगलं, आणि तिनं रागानं केतकीकडे पाहिलं. मग तिघं बसले. मामा पंख्याकडे बघत होता.

"मला वाटलं, तुझं घर मोडेल," तो म्हणाला.

"ते जाऊन तेहेतीस वर्षं झाली, दादा. तेव्हा तरी बोलायचंस."

"तू का नाही बोललीस?"

"तुझं एवढं नाव झालेलं."

विश्रामनं मान हलवली. "त्या नावानं मला एक दिवस धड वाजवू दिलं नाही, इंदे. समोर हजार माणसं बसलेली असायची आणि मला वाटायचं, यातल्या कुणाला तरी ठाऊक आहे."

इंदू उठली. तिला काय करावं सुचेना, तेव्हा तिनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, कांदा. विश्राम खाली मान घालून जेवू लागला. दुसरी भाकरी त्यानं मागून घेतली, तिसरी इंदूनं न विचारता वाढली. जेवताना दोघांचं सरूबाईंच्या तिरसट स्वभावावरून बोलणं निघालं, मग त्या ट्रकच्या ड्रायव्हरवरून, आणि केतकीला कधी माहीत नसलेली माणसं एकेक करून त्या खोलीत येऊ लागली. जेवण झाल्यावर मामा तिथेच चटईवर आडवा झाला आणि घोरू लागला. इंदू त्याच्या बाजूला बसून उरलेल्या शेंगा फोडत राहिली. आवाज होऊ नये म्हणून एकेक शेंग पदरात धरून.

केतकीनं त्या दुपारी दाखला भरला. 'तुकड्यातील हात' यापुढे तिनं इंदू बेल्हेकर लिहिलं आणि सही केली. विश्रामनं झोपेतून उठल्यावर तो वाचायला मागितला आणि खाली, जागा नसताना, आडवी आपलीही सही केली.

कंपनीत एक दिवस धावपळ झाली. तांबोळीनं मग कळवलं की संच होईल, दोन नावांनी होईल. विश्रामनं स्वतःच जुन्या शिष्यांना बोलावून सगळं सांगितलं. त्याला जी भीती बावन्न वर्षं होती तिच्यातलं थोडं घडलंही. एका वर्तमानपत्रात दोन दिवस तिखट पत्रं आली, एका संस्थेनं वर्षानुवर्षं लावलेला त्याचा फोटो उतरवला. पण शिष्य उठून गेले नाहीत. त्यांतल्या सगळ्यात थोरल्यानं, स्वतः पासष्ट वर्षांच्या, तर सुटकेचा निःश्वास टाकला. इतकी वर्षं शेवटचं वळण जमलं नाही म्हणून तो स्वतःला कच्चा समजत आला होता, आणि गुरूलाही ते जमत नव्हतं! विश्राम यावर इतका हसला की त्याला ठसका लागला.

राहिलं होतं एकच काम. टेपमधून काढलेला हात थोडा धूसर होता. कडा नीट यायला तांबोळीला त्या माणसाच्या ताज्या थापा हव्या होत्या. इंदू आधी नाही म्हणाली. बावन्न वर्षांत पुडीला हात लावला नव्हता, बोटं आखडलेली. मग एका दुपारी, लिलाव उरकून गल्ली शांत झाल्यावर, तिनं साडीचा पदर खोचला आणि आतल्या खोलीत जाऊन भावाची ढोलकी मांडीखाली घेतली. विश्रामला केतकीनं बाहेर बसवलं आणि आवाज न करायची ताकीद दिली. दार मात्र उघडंच राहिलं.

पहिल्या थापा बद्द पडल्या. इंदूनं तोंड वाकडं केलं, बोटं मोडली, पुन्हा सुरू केलं. पन्नास थापांनी मनगट सैल झालं, दीडशेवीला अंगठा ओढला गेला आणि यंत्रावर टेपमधल्या आणि आत्ताच्या हाताच्या दोन रेषा एकमेकींवर बसल्या. तीनशे झाल्या. केतकी थांबायला सांगणार, तेवढ्यात आई न सांगता तुकडाच वाजवू लागली.

हळू वाजवत होती, अर्ध्या लयीत, पण सगळं जागच्या जागी होतं. तीन मिनिटं झाली. चार. शेवटच्या वळणापाशी तिचा हात थबकला. तिनं मागून पुन्हा घेतलं, पुन्हा तिथेच अडकली. ती विसरली होती. तिनं केतकीकडे पाहिलं. केतकी काय सांगणार? तिला लागोपाठ तीन बोल येत नव्हते.

बाहेरून विश्रामचा आवाज आला. तो बोल म्हणत होता, मात्रेमात्रेनं, सावकाश, चुटकी वाजवत. बावन्न वर्षं रोज सकाळी इअरफोन लावून ऐकलेलं, हातातून कधीच न आलेलं ते वळण त्याला बोलाबोलासह पाठ होतं. इंदू मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली. एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, आणि मग हात टाकला. वळण सफाईनं निघालं आणि समेवर येऊन उभं राहिलं.

त्या नोंदीत एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज पडला होता. केतकीनं रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

"जरा घाई केलीस," बाहेरून विश्राम म्हणाला. "परत घे."

"तू गप बस, दादा," इंदू म्हणाली, आणि परत घेतलं.